निलव्वाची विहीर आणि माझा शहाणपणा

"सोलापूरला बघायला काय जातेस?" चिपळूणच्या स्टँडवर नवऱ्याने विचारलं, तेव्हा मी ठसक्यात सांगितलं, "डिझेलने नासलेली माती!" माझी भाची अनघा तिथे माती साफ करायच्या कामावर इंजिनिअर आहे आणि कधीची बोलावत होती. घाट चढल्यावर हिरवं मागे पडत गेलं. सोलापूर जवळ आलं तेव्हा खिडकीबाहेर नुसती कडब्याच्या रंगाची सपाटी! एवढं आभाळ एकदम बघायची मला सवय नाही. बावरल्यासारखं झालं.

अनघाची खोली शहराजवळच्या कुंभारी गावात. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला स्कूटरवर मागे बसवून इंधनाच्या डेपोवर नेलं. मोठमोठ्या पांढऱ्या टाक्या. त्यांतल्या एकीचा तळ पूर्वी गळला होता आणि कुणाला पत्ता लागेपर्यंत डिझेल मुरून जमिनीखालच्या पाण्यापर्यंत पोचलं होतं. फाटकावर माझा मोबाईल काढून घेतला आणि डोक्यावर हेल्मेट चढवलं. ते इतकं सैल, की मी मान वळवली तरी हेल्मेट आपलं समोरच बघत राही.

आत जे पाहिलं त्याने डोकं चक्रावलं. उकरलेल्या मातीचे लांबच लांब ढीग, आणि दोन माणसं त्यात शेणखत कालवून वर पाणी शिंपडत होती.

"अगं, ही माती साफ करायची आहे की पेरायची?"

"मातीतले जिवाणू तेल खातात, मावशी. त्यांना जोर यायला खत."

बरं बाई! पलीकडे एका बोअरमध्ये त्याच जिवाणूंसाठी यंत्राने हवा फुंकत होते, तर तिसरीकडे पंप लावून पाणी उपसत होते. त्या पाण्यावरचं तेल वेगळं काढायचं आणि पाणी गाळायचं. अनघाने कागदावर रेघा मारून समजावलं, की इथून पाणी सतत ओढलं तर जमिनीखालच्या पाण्याचा उतार डेपोकडेच राहतो आणि तेल शेजारच्या रानांत सरकत नाही. मी मान डोलावली. खरं सांगते, माझ्या टाळक्यात एवढंच शिरलं, की उपसलं की स्वच्छ होतं.

दुपारी तिने मला कुंपणापलीकडच्या वस्तीवर निलव्वाकडे जेवायला सोडलं. निलव्वा साठीची, एकटी, मेंढरं पाळणारी. "या की, बसा की. लई लांबनं आलासा," म्हणत तिने कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि आमटी वाढली. चटणीने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं, तशी ती पदराआड हसली.

"ह्या विहिरीचं पानी लई ग्वाड हाय," म्हणाली आणि थांबली. "हुतं."

विहिरीला तेलाचा वास आल्यापासून तिच्यापुरतं पाणी डेपोचा टँकर देत होता. मेंढरांना ते कुठून पुरणार? ती मैंदर्गीला भावाकडे ठेवलेली. ओळीने चार तपासण्या चांगल्या आल्या की विहीर मोकळी (म्हणजे वापरायला खुली) होणार होती. तीन आल्या होत्या. चौथी उद्या.

"उद्या चांगलं निगालं की घेऊन येते माजी मेंढरं. भाऊ चांगला हाय, पन वैनीच्या तोंडाकडं किती बगायचं?"

आता माझं तोंड गप्प बसेल तर शपथ. "मग विहीर उपसून घ्या ना! आमच्या कोकणात दरवर्षी उपसतात. जुनं जातं, झऱ्याचं ताजं पाणी येतं. डेपोतही तेच चाललंय."

ती बघतच राहिली. "समदं पानी काढायचं?"

"समदं!"

"बरं. तुमी शिकल्यालं मानूस."

दुसऱ्या दिवशी अनघाबरोबर बाटल्या घेऊन मीही गेले. विहिरीच्या तळाशी गुडघाभर पाणी, आणि त्यावर रंगीत तवंग. वास काठापर्यंत येत होता. अनघाचा चेहरा उतरला.

"आजी, मोटर कुणी लावली?"

"मीच की," निलव्वा म्हणाली. "वाटलं, जुनं पानी जाऊ दे."

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अनघा हळूच सांगायला लागली, की विहीर रिकामी झाली तशी उतार उलटा फिरला आणि मातीत उरलेलं तेल इकडे ओढलं गेलं. आता पुन्हा पहिल्यापासून चार तपासण्या.

"म्हंजे मेंढरं...?"

"नाही आजी. अजून नाही."

"व्हय," निलव्वा म्हणाली आणि खाली बसली. माझं एरवी न थांबणारं तोंड त्या वेळी उघडलंच नाही. लाज वाटते लिहिताना.

परतीच्या वाटेवर कराडला गाडी थांबली, तेव्हा अनघाला फोन करून सगळं सांगून टाकलं.

"कळलं होतं मला, मावशी," ती म्हणाली. "या मुलखात भरलेली विहीर उपसून पाणी रानात सोडणारं माणूस अजून जन्माला यायचंय! हा सल्ला कोकणातलाच. म्हणून तर मोटर लावू नका असं सांगायचं आम्हालाही सुचलं नाही."

"मग तिथेच बोलली का नाहीस?"

"निलव्वाने डोळ्यांनी गप्प केलं. नंतर म्हणाली, पाहुण्याचं नाव कशाला घ्यायचं."

जमिनीखालचा तो उतार मला अजूनही धड कळलेला नाही. न कळता मी सल्ला कसा दिला, हे तर त्याहून कळत नाही. घरी आल्यावर अनघाकडून नंबर घेतला आणि निलव्वाला फोन लावला. बोलायचं पुष्कळ ठरवलं होतं, पण "चुकलं माझं, निलव्वा" एवढंच तोंडातून निघालं.



"मेंढरं हायत की भावाकडं," ती म्हणाली. "तुमी नीट पोचलासा न्हवं? जेवलासा का?"