बुवांच्या गाडीतला उजवा स्पीकर

बायकोला माझ्या सगळ्या भानगडी माहीत आहेत. कुणाला कधी टोपी घातली, कुठे तोंडघशी पडलो, सगळं. ही एक सोडून. दुकानाशेजारचा टायरवाला रोज दोनदा माझ्याबरोबर चहा पितो, त्याच्यापाशीही हे कधी ओठांवर आलं नाही. आज तुम्हाला सांगतोय. का, ते मला नीट सांगता येणार नाही. मध्येच अडखळलो तर समजून घ्या — नाही, समजून घेऊ नका. नुसतं ऐका.

कल्याण-शीळ रस्त्यावर माझं गाड्यांच्या म्युझिक सिस्टिमचं दुकान आहे. छोट्या गाड्या ही माझी खासियत. मोठ्या गाडीत काय, कुठेही स्पीकर ठोका, जागा असते. छोट्या गाडीत गाणं बसवायला डोकं लागतं. चालवणाऱ्याचा उजवा गुडघा एका स्पीकरला जवळजवळ टेकलेला असतो, आणि डावा स्पीकर पार त्या टोकाला. तरी गाणारा माणूस समोरच्या काचेच्या मधोमध बसून गातोय असं वाटलं पाहिजे. ते मला जमतं. ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंतचे लोक त्यासाठी माझ्याकडे येतात. हे मी बढाई म्हणून सांगत नाहीये. मला काम येत होतं, एवढं तुम्हाला पुढे लक्षात राहावं म्हणून सांगतोय.

तर — बुवा. नाव सांगणार नाही. आमच्याकडे कोपरला सगळी कोकणातली मंडळी, आणि भजनी मंडळाचा बुवा म्हणजे काय असतो हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पेटीवर बसलेला बुवा, मागे पखवाज, झांजेसारखी चकी आणि कोरस. समोर दुसरं मंडळ, दुसरा बुवा. डबलबारी म्हणजे गाण्यातली कुस्तीच. आमचे बुवा त्यातले पैलवान होते. ठाण्याच्या एका कंपनीत मशीनवर काम करायचे आणि सुट्टीच्या दिवशी मैदानं मारायचे.

मी त्यांच्या कोरसमध्ये होतो. पंचविशीतला होतो तेव्हा. एका रविवारी संध्याकाळी दिव्याला बारी होती. मैदान भरलेलं, आणि माझे वडील पहिल्या रांगेत. वडील गावी पखवाज वाजवायचे, त्यांना मी कोरसमध्ये बसलोय याचं कोण कौतुक! गजर रंगात आला आणि बुवांनी एकदम पेटी थांबवली. सगळं थांबलं. मागे वळले, माझ्याकडे बोट केलं आणि माइकवर म्हणाले, "ह्येचो कान कच्चो आसा. ह्येका खाली उतरवा."

माइकवर. पाचशे-सातशे माणसं हसली. मी उतरलो. चपला सापडेनात म्हणून स्टेजच्या मागे अनवाणी फिरत राहिलो, ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. त्यानंतर घरच्या गणपतीत आरती म्हणताना वडील माझ्याकडे बघायचे नाहीत. मी आपोआप हळू म्हणायला लागलो, मग नुसते ओठ हलवायला लागलो. वडील गेले तोवर आमच्यात गाण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता एक गोष्ट — ही पण मी कधी कबूल केलेली नाही. त्या दिवशी माझा सूर खरंच उतरला होता. बुवांचं चुकलं नव्हतं. इतक्या गलक्यात, सहा जणांच्या कोरसमधून त्यांनी बरोबर मला पकडलं. त्यांचा कानच तसा होता. पण खरं बोललेल्या माणसाचा राग येत नाही असं कुणी सांगितलं? उलट जास्त येतो. तो राग मी वीस वर्षं पोसला, अगदी नीट खाऊपिऊ घालून.

आणि मग एका सकाळी बुवा स्वतः दुकानात आले. रिटायर झाल्यावर मुलाने छोटी गाडी घेऊन दिली होती. डिकी नावालाच. मला ओळखलं त्यांनी. "अरे, तू आपल्या मंडळात होतंस ना? सोडलंस कित्या?"

सोडलंस कित्या! म्हणजे विसरले होते. माझ्या डोक्यात रोज उठणारी ती संध्याकाळ त्यांच्या डोक्यात नव्हतीच. त्यांनी असंख्य बाऱ्या केल्या, असंख्य पोरांना झापलं असेल, त्यात मी कोण? चहा मागवला, हसून बोललो. त्या चहाच्या वेळीच माझ्या मनात ठरलं असावं. काय करायचं ते ठरलं नव्हतं, करायचं एवढं ठरलं होतं.

त्यांना हवं होतं ते साधं होतं. प्रत्येक बारी मंडळातलं कुणीतरी फोनवर रेकॉर्ड करायचं, ती सगळी पेनड्राइव्हवर भरलेली. आठवड्यातून दोनदा कोपरहून घोडबंदरला थोरल्या मुलाकडे जायचं, वाटेत स्वतःचं भजन ऐकायचं, कुठे तान घसरली, कुठे सूर कमी लागला ते शोधायचं. घरी नातवंडांच्या टीव्हीपुढे कोण ऐकू देतंय! गाडी हीच त्यांची रियाजाची खोली होती. त्यांचं आयुष्य सगळं त्या कानावर उभं होतं आणि तो कान आता माझ्या हातात येणार होता.

मागच्या काचेखाली मोठे लंबगोल स्पीकर लावायचे असं त्यांच्या डोक्यात होतं. मी म्हटलं, बुवा, भजन कुणी पाठीमागून ऐकतं का? ते पटलं त्यांना. पुढच्या दोन दारांत चांगल्यातले स्पीकर बसवू, बारीक आवाजाचे छोटे स्पीकर आरशाजवळच्या कोपऱ्यात, थोडे आत वळवून, म्हणजे शब्द तोंडासमोर येतील. दारांना आतून जाड रबरी शीट लावू, म्हणजे पखवाजाबरोबर पत्रा थरथरणार नाही. हा सल्ला शंभर टक्के प्रामाणिक होता. बुवा काटईला मेव्हण्याकडे जेवायला गेले आणि मी कामाला लागलो. देवाशप्पथ सांगतो, इतकं मन लावून मी स्वतःच्या गाडीतही काम केलं नाही. एकेक स्क्रू हाताने पिळला. मग पेनड्राइव्ह लावला आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसून डोळे मिटले.

बुवा समोर बसले होते. खरंच. काचेच्या मधोमध, पेटी मांडीपुढे, आवाज भरीव, धारदार. मागे पखवाजाचा धुम छातीवर येत होता. तोच आवाज. मला वाटलं आता पेटी थांबेल.

मी खाली उतरलो, उजव्या दाराचं आवरण पुन्हा उघडलं आणि दोन तारा उलट जोडल्या.

एवढंच. तुम्हाला कळावं म्हणून सांगतो. प्रत्येक स्पीकरला दोन तारा असतात, प्लस आणि मायनस. दोन्ही दारांतल्या स्पीकरचे पडदे एकाच वेळी पुढे आले पाहिजेत, एकाच वेळी मागे गेले पाहिजेत. एकाच्या तारा उलट्या झाल्या की एक पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, आणि दोन आवाज एकमेकांना खातात. काही जळत नाही. खरखर येत नाही. दोन्ही स्पीकर वाजतात. फक्त मधला माणूस नाहीसा होतो, आणि पखवाजाचा धुम जातो. त्यात फोनवरचं रेकॉर्डिंग म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज, तिथे तर सगळं पोकळ होतं. या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकतात ते हेच, की तारा उलट्या जोडायच्या नाहीत.

बुवा संध्याकाळी आले, ऐकलं, भुवया आवळल्या. "पोकळ वाटता रे." मी म्हटलं नवीन स्पीकर आहेत, पंधरा दिवस वाजू द्या, पडदे मोकळे होतील. आम्ही सगळ्यांना हेच सांगतो, त्यामुळे ते खोटं बोलल्यासारखंही वाटलं नाही.

पंधरा दिवसांनी परत आले. मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसलो. त्यांनी स्वतःची एक जुनी बारी लावली, त्यांना अक्षर न् अक्षर पाठ असलेली. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येत होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "धुम खंय गेलो?" आणि मी — मी छातीवर हात ठेवला आणि म्हणालो, "बुवा, धुम तर इथे येऊन बसतोय. तुम्हाला येत नाहीये?"

गाडीतला आवाज हवा तर एकाच बाजूच्या दारातून ऐकता येतो. समोरच्या स्क्रीनवर बोट सरकवलं की झालं. एकट्या डाव्या दारातून बुवा पुन्हा सबंध ऐकू आले असते. पण त्या स्क्रीनशी खेळायची त्यांना सवय नव्हती. आणि माझ्यावर अविश्वास दाखवायचं त्यांच्या मनातही आलं नाही. मग मी शेवटचं बोललो, अगदी काळजीच्या सुरात. म्हटलं, "वय होतं बुवा. एकदा कान दाखवून घ्या."

किती गोड लागलं ते वाक्य! घरी जाऊन मी मनात दहा वेळा म्हटलं. माइक नव्हता, माणसं नव्हती, पण त्यांचा चेहरा उतरलेला मी अगदी जवळून बघितला होता. त्या दिवशी मी जेवलोही चांगला.

त्यांनी कान दाखवले. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे थोडं कमी आहे, काळजीचं काही नाही. साठी ओलांडलेल्या कुणालाही डॉक्टर हेच सांगेल. पण बुवांनी त्यातलं 'कमी' तेवढं धरलं. पेटीवर बसले की मध्येच थांबून शेजाऱ्याला विचारायला लागले, सूर लागला का? ज्या माणसाने कधी मागे वळून विचारलं नाही, तो विचारायला लागला. सूर शोधत गाणाऱ्याचा सूर लागतो का कधी? दोन बाऱ्या हरले. आणि मग मंडळाच्या एका बैठकीत त्यांनी पेटी त्यांच्या शिष्याकडे सरकवली आणि सांगितलं, "आता तू."

मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला कळतंय, मलाही कळत होतं. दाराचं आवरण काढायचं, दोन तारा बदलायच्या. दहा मिनिटांचं काम. पण तारा सरळ केल्या असत्या तर पहिल्याच ओळीला त्यांना कळलं असतं की कान शाबूत आहेत आणि खोट माझ्या कामात होती. एवढा कान होता त्यांना. म्हणजे दुरुस्ती केली की मी पकडला जाणार. म्हणून नाही केली. गाडी अजून तशीच आहे.

यापुढचं सांगायला मला सगळ्यात जड जातंय. पेटी सोडल्यावर बुवा दुकानात आले. उभ्याउभ्याच बोलले. म्हणाले, सगळे माका खोटा सांगत होते, बुवा, तुमचो कान अजून तसोच आसा म्हणून. "तू एकटोच खरा बोललंस." आणि मग त्यांना ती संध्याकाळ आठवली होती की कुणी आठवण करून दिली होती कोण जाणे, म्हणाले, "तेव्हा मी तुका सगळ्यांसमोर बोललंय, ता माझा चुकला. कान तुझो बरो आसा. मंडळात परत येतलंस काय?"

तुम्ही माझ्या जागी असता तर? असू दे. मी हो म्हणालो.

मंडळाला त्यांनीच सांगितलं, याचा कान माझ्यापेक्षा चांगला, याला कोरसमध्ये पुढे बसवा. आता मी पुढे बसतो. माघी गणपतीला टिटवाळ्याच्या एका नव्या सोसायटीत दुपारी आमचं भजन होतं. पेटीवर शिष्य, मी त्याच्या उजव्या हाताला, आणि बुवा समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर, पहिल्या रांगेत. शिष्य चांगला गातो, पण वरच्या सुरावर जाताना त्याची तान उतरली. केसभर. टाळ्या वाजवणाऱ्या सोसायटीत कुणाच्याही लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नसतं. पण बुवांची मान झटकन वर आली, बरोबर त्याच जागी, वीस वर्षांपूर्वी आली होती तशी. त्यांना ऐकू आलं होतं.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. चुकलं ना, असं विचारत होते ते, नुसत्या डोळ्यांनी. खात्री करून घेत होते माझ्याकडून.

मी डोळे मिटून मान डोलावली, तान फार आवडल्यासारखी.

डोळे उघडले तेव्हा बुवांनी मान खाली घातली होती आणि ते इतरांबरोबर टाळ्या वाजवत होते. शिष्याने ओळ सोडली, मी ती त्याच उतरलेल्या सुरात उचलली आणि मोठ्याने गायलो. आणि खोटं कशाला सांगू, तेव्हाही मला आतून बरंच वाटलं.