तोंड मिटून काढलेले साडेदहा किलोमीटर

गेल्या रविवारी गंगापूर रस्त्याला एका कडुलिंबाखाली मी चक्क शिकवणीला बसले... तीही दुपारी एक वाजता, स्पर्धेच्या ऐन मध्यात.

स्पर्धा म्हणजे आपल्या शहरातल्या हौशी मंडळींनी भरवलेली हाफ ट्रायथलॉन. आधी तलावात दोन किलोमीटरला थोडं कमी पोहायचं, मग नव्वद किलोमीटर सायकल, मग एकवीस किलोमीटर पळायचं. हे सगळं साडेआठ तासांत, एप्रिल महिन्यात, छत्रपती संभाजीनगरात... हसू नका, आम्ही हे हौसेने करतो.

मी सत्तेचाळीस वर्षांची फिजिओथेरपिस्ट. मागच्या वर्षी पळण्याच्या पंधराव्या किलोमीटरला डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि तिथल्या डॉक्टरांनी मला थांबवून घोट्याला बांधलेली वेळ मोजायची चिप काढून घेतली. घरी आल्यावर रागाच्या भरात जाहीर केलं, पुढच्या वर्षी नाही जमलं तर सायकल भाचीला देऊन टाकीन. नवऱ्याने ते लगेच फॅमिली ग्रुपवर टाकलं, त्यामुळे शब्द फिरवायची सोय राहिली नाही.

यंदा मात्र तयारी जय्यत होती. दुपारच्या उन्हात सराव करकरून रंगाने मी दोन शेड पुढे गेले होते... पोहणं मस्त झालं. सायकलला परतताना समोरून भट्टीसारखा वारा होता, तरी साडेअकराला मी बूट बदलून पळायलाही लागले. तीन वाजेपर्यंत वेळ होता, म्हणून मनातल्या मनात फिनिशच्या फोटोची पोझसुद्धा ठरवून टाकली.

पळायच्या चार फेऱ्या, एकाच रस्त्यावर. थोडे कडुलिंब, मग उघडा माळ, पुन्हा चार झाडं... पहिली फेरी झकास गेली. दुसरीत माझं असं सुरू झालं, की उघड्यावर जीव खाऊन पळायचं आणि झाड आलं की कंबरेवर हात ठेवून उभं राहायचं. बर्फाचं पाणी डोक्यावर ओतून झालं, टोपीत बर्फ भरून झाला, पण प्रत्येक झाडाखालचा मुक्काम लांबतच गेला.

दुसरी फेरी संपता संपता मी एका झाडाखालच्या दगडावर बसलेच. तिथे साठीच्या एक मेंढपाळ मावशी आपला कळप घेऊन उभ्या होत्या. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून गप उभी होती. मावशींनी मला दोनदा जाता-येता पाहिलं होतं, म्हणून आधी काळजीने विचारलं, कुणी मागं लागलंय का. शर्यत आहे म्हटल्यावर त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"माय, तुझं समदं उलटं चाललंय," त्या म्हणाल्या. "उन्हात पळती अन् सावलीला बसती. उन्हात दमानं चालावं, सावलीत पाय उचलावा."

दमानं म्हणजे नेमकं किती, हे मी विचारलं. सवयच आहे, मला सगळं आकड्यात लागतं.

"मेंढराचं तोंड उघडं पडलं की आमी हाकत नाय. तोंड मिटून जेवढं चालतंय तेवढंच न्यायचं. तुझं तर मघापासून उघडंच हाय."

खरं सांगते, राग आला. नाकाने श्वास घ्या, घाई करू नका, हे मी रोज दहा पेशंटना ऐकवते... आणि माझ्या मनगटावरचं एवढं हुशार घड्याळ जे दीड तास ओरडून सांगत होतं, ते त्यांनी नुसत्या माझ्या तोंडाकडे बघून सांगितलं. (बाहेरच्या माणसाची मदत घेतली तर स्पर्धेतून बाद करतात. सल्ला मदतीत धरतात का, हे जाणकारांनी कृपया कमेंटमध्ये सांगू नये.)

एक वाजून दहा झाले होते. साडेदहा किलोमीटर बाकी आणि हातात एक तास पन्नास मिनिटं. मी उठले, तोंड मिटलं आणि चालायला लागले.

माळावर चालायचं, झाडं आली की पळायचं, ओठ सुटले की वेग कमी... पहिले दोन किलोमीटर लाज वाटली. तरणी पोरं धापा टाकत बाजूने पुढे जात होती. तिसरी फेरी अर्धी झाली तेव्हा त्यांतलीच काही झाडांखाली पाय पसरून बसलेली दिसली, आणि मी त्यांच्या पुढून चालत निघून गेले. हो, चालत.

मग पंधरावा किलोमीटर आला. डॉक्टरांचा तंबू यंदाही तिथेच होता. बरं वाटतंय ना, असं त्यांनी विचारलं, मी नुसती मान हलवली. तोंड उघडायची परवानगी नव्हती.

दोन वाजून एकोणपन्नास मिनिटांनी फिनिश. ठरवलेली पोझ वगैरे काही आठवली नाही, ढसाढसा रडले. नवराही रडला, पण ते मात्र त्याने ग्रुपवर टाकलं नाही.

मग त्याला गाडी काढायला लावली आणि मेडल घेऊन मावशींना शोधत गेले. कळप थोडा पुढे सरकला होता. त्यांनी मेडल हातात घेऊन वजन पाहिलं, परत दिलं आणि विचारलं, "उद्या पुन्यांदा पळायचंय का?"

नाही, म्हटलं. आता एकदम पुढच्या वर्षी.

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा खरंच मोकळा झाला.

तेव्हापासून खूप फोन आले... टायमिंग किती, नंबर कितवा, पुढची कुठली. सगळ्यांचे आभार, मनापासून. पण उद्या मला उन्हात पळावं लागणार नाही म्हणून ज्यांच्या जिवाला बरं वाटलं, अशा त्या एकट्याच.