रेवदंड्याची दुखरी बॅच

माझ्या रजिस्टरमध्ये मधली जागा पेशंटच्या दुखण्यांसाठी आहे आणि समास मोकळा ठेवलेला आहे. निदान तसा होता. आता दुखणी चार ओळींत आटोपतात, आणि समासातले किस्से वाचायला रजिस्टर आडवं, उभं, उलटं फिरवावं लागतं, इतकं दाटलंय!

मी फिजिओथेरपिस्ट. रेवदंड्यात एका टेलरच्या दुकानावर माझी खोली आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी तिथे जुन्या दुखण्यांची बॅच असते. हाड जुळलंय, सूज उतरलीय, एमआरआय स्वच्छ आहे, पण दुखायचं काही थांबत नाही, अशी ही माणसं. दुखणं खोटं नसतं हं! मज्जासंस्था एकदा घाबरली की घाबरलेलीच राहते. तिला पटवायचं असतं की बाई गं, धोका गेला. सावकाश श्वास, विश्रांती, थोडी थोडी हालचाल. ऐकायला सोपं. करून बघा!

बॅचमध्ये तिघं पक्के. कांबळे गुरुजी, निवृत्त शिक्षक, यांची मान. थळचे नाना, आजोबा मिठागरात होते, नाना चार ट्रेलरचे मालक. यांचा उजवा खांदा. आणि मासळी विकणाऱ्या सुमनताई. दोन वर्षांपूर्वी बंदरावर घसरल्या, तेव्हापासून कंबर.

खरी घाई होती ती सुमनताईंना. मासळी बाजारात प्रत्येकीची जागा ठरलेली असते. एखादी आजारी पडली तर तिचा बसायचा पाट तिथेच ठेवतात, आणि शेजारीण रोज आपल्या पाटाबरोबर तोही धुते. सुमनताईंचा पाट यमुनाबाईंनी दोन वर्षं धुतला. पण आता यमुनाबाईंच्या घरी सून आली. तिला जागा हवी.

"नारली पुनव होऊंदे, तवर थांबते," यमुनाबाई म्हणाल्या. "आनी नुसतं बसून भागायचं न्हाय. आपली मासलीची पाटी आपल्याला उचलता आली पायजे."

यात त्यांची काहीच चूक नव्हती. म्हणून तर सुमनताईंना जास्त लागलं.

*

पहिल्या दिवशी मी सगळ्यांना विचारते, शून्य ते दहा, किती दुखतं?

"दहा," सुमनताई म्हणाल्या.

"आत्ता, बसलेल्या असतानाही दहा?"

"बरं, नऊ."

"अगदी नऊ?"

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुमी आपल्यातल्या म्हनून साडेआठ. याच्या खाली परवडत न्हाय!"

*

मी हौसेने मेंदू आणि मणक्याचा एक मोठा रंगीत चार्ट आणला होता. अर्धा तास घसा कोरडा करून समजावलं. सुमनताई चार्टकडे बघत म्हणाल्या, "कोलंबी सोलल्यावानी दिसतंय."

मग मी लांब श्वास सोडायची पद्धत शिकवली, तिचं भारदस्त इंग्रजी नाव सांगितलं. गुरुजी नम्रपणे म्हणाले, "आमच्या विहारात दर रविवारी हेच असतं बाई. चार्ट नसतो, एवढंच."

शेवटी नाना उठले. "सुमनताय, ट्रेलर रिव्हर्स घेताना मागे भिंत आली की टीं टीं वाजतं ना? आपला सेन्सर बिघडलाय. मागे मोकळं मैदान हाय, तरी टीं टीं चालूच!"

"मंग वायर तोडा की!"

"आनि उद्या खरी भिंत आली तर?"

सुमनताईंनी मान डोलावली. मज्जासंस्था समजली! चार्ट अजून भिंतीवर आहे. त्याच्यामागे ओल आलीय, म्हणून काढत नाही.

*

हे लोक दुखणं आलं की श्वास धरून ठेवतात. त्यामुळे "श्वास सोडा, श्वास सोडा" हा माझा दिवसभराचा जप. तो खाली ऐकू जातो. एकदा टेलरने मला जिन्यात गाठून आभार मानले. ब्लाउजचं माप देताना बायका पोट आत घेऊन श्वास रोखतात, आणि मग ब्लाउज घट्ट झाला म्हणून भांडायला येतात.

"आता तुमचा आवाज आला की मी टेप लावतो," तो म्हणाला. "दोन महिन्यांत एक ब्लाउज परत आला नाही!"

*

सगळ्यांना मी दुखण्याची वही ठेवायला सांगितली. एका मंगळवारी माझी एसटी चुकली. पोचले तोवर गुरुजींनी सगळ्या वह्या गोळा करून लाल पेनाने तपासल्या होत्या! सुमनताईंच्या पानाखाली बारीक अक्षरात "अक्षर सुधारा" आणि त्याखाली गोल करून सहा.

"बाई, सहावर आलं!" सुमनताई वही नाचवत होत्या. "गुरुजींनी तपासून सांगितलं!"

गुरुजींनी तोंड उघडलं. मी डोळे वटारले. त्यांनी मिटलं.

तो आठवडाभर सुमनताई कठड्याला हात न लावता जिना चढल्या. गुरुजी मात्र बेचैन. "परीक्षेत कॉपी करू दिल्यासारखं वाटतं हो," म्हणायचे. शेवटी महिन्याने मीच सुमनताईंना सांगून टाकलं, की ते सहा अक्षराचे मार्क होते.

"मना ठावं हाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "नानांनापन सहाच दिलेत."

*

माझी सर्वांत मोठी चूक म्हणजे समुद्राच्या लाटांचं ॲप. पडदे ओढले, सगळ्यांना आडवं केलं, मोबाइलवर लाटा लावल्या आणि मऊ आवाजात म्हटलं, "आता सगळं अंग सैल सोडा..."

सुमनताई ताडकन उठून बसल्या. "ही उधानाची लाट हाय! धनी पान्यात हाय माझा!"

त्यांचे यजमान धर्मादादा होडी घेऊन गेले होते. खिडकीबाहेर खरा समुद्र गप्प पडला होता, पण ते कोण बघतो! कंबर साडेआठवर गेली. मला स्वतःचीच लाज वाटली. कोळणीला निवांत करायला मी लाटा ऐकवत होते!

"मग कशाने बरं वाटतं तुम्हाला?"

त्यांनी बराच विचार केला. "बंदराला होडी लागल्यावर इंजिन बंद होतं ना, तवा."

पुढच्या शुक्रवारी नाना धक्क्यावर उभे राहून ते मोबाइलमध्ये भरून घेऊन आले. टक् टक् टक् टक्... टक्... आणि मग काही नाही. एवढंच. सुमनताईंचे खांदे खाली आले, आणि दोन मिनिटांत त्या घोरायला लागल्या.

*

पुनवेला महिना उरला तेव्हा मी त्यांना त्यांची रिकामी पाटी आणायला लावली. नुसती बघूनच त्यांची कंबर धरली! मग ठरलं, पाटी कोपऱ्यात राहू दे. कुणी तिचं नाव काढायचं नाही.

आठवड्याने नानांनी घाईत आपल्या चपला तिच्यात काढून ठेवल्या.

"माझ्या पाटीत चपला?" सुमनताई तरातरा गेल्या, पाटी उचलली आणि जिन्यात नेऊन उपडी केली. चपला टेलरच्या दारात!

"सुमनताई, उचललीत!" मी आनंदाने किंचाळले.

झालं. त्यांचा हात कंबरेवर गेला, तोंड पडलं, आणि त्या भिंत धरून खाली बसल्या. मी गप्प राहिले असते तर! नाना बोलले: "मॅडम, हॉर्न तुम्हीच वाजवलात."

त्यानंतर पाटी दर बॅचला उचलली गेली. आधी रिकामी, मग चादर घालून, मग दोन विटा घालून. भरलेली मात्र एकदाही नाही. "मासली घातली की कंबर तुटंल," एवढंच त्या म्हणायच्या.

*

नारळी पौर्णिमा झाली. होड्या गेल्या, होड्या आल्या. शुक्रवारी सकाळी मी बॅच बंद ठेवली आणि गुरुजी, नाना, मी असे तिघं बाजारात गेलो. बर्फवाल्याच्या आडोशाला उभे राहिलो.

सुमनताई आपल्या पाटावर बसल्या होत्या. पाटी धर्मादादांनी आणून ठेवली होती, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. यमुनाबाईंच्या मागे त्यांची सून उभी होती, नवा कोरा पाट काखेत धरून. यमुनाबाई कुणाकडेच बघत नव्हत्या.

तेवढ्यात किहीमच्या बंगल्यावर उतरलेला एक पाहुणा आला. त्याने पापलेट बोटाने दाबून पाहिलं आणि नाक मुरडलं. "शिळी वाटते."

"शिली?"

"कालची असेल."

"माझी मासली शिली?"

सुमनताई उठल्या. बर्फासकट भरलेली पाटी दोन्ही हातांनी कंबरेला लावली आणि थेट त्याच्या नाकाखाली नेली. "वास घ्या! घ्या वास!" तो मागे सरकला. त्या पुढे. तो आणखी मागे, त्या आणखी पुढे. अशा दहा-बारा पावलं गेल्या, तोंडाचा पट्टा चालूच!

नानांनी माझा दंड घट्ट धरला. गुरुजींनी डोळेच मिटले. माझी जीभ दातांखाली होती. यमुनाबाईंनी सुनेच्या काखेतला पाट काढून घेतला आणि आपल्या पाठीमागे सारला.

सुमनताई पाटी घेऊन वळल्या. आडोशाला ताठ उभे असलेले आम्ही तिघं त्यांना दिसलो.

"काय खांब झाल्यात तिघं? श्वास सोडा!"