मागच्या चाकाचा नट

मुकुंदवाडी स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर सांडू मिस्त्रीचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे वर पत्रा आणि खाली तेल पिऊन काळी पडलेली जमीन. सांडू मूळचा कन्नडकडचा. वाट्याची शेती भावावर सोपवून शहरात आला, त्याला तेहतीस वर्षं झाली. नट-बोल्टचे पाने ओढून ओढून उजवा खांदा गेला. दिवाळीपासून तर हात कानाच्या वर जात नाही. डॉक्टरांनी बजावलं, झटका देऊन काही ओढायचं नाही. सांडूनं मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी गॅरेज उघडलं. दुसरं करणार काय?

एका दुपारी बिरू मोटारसायकल घेऊन आला. तो शेंद्र्याकडचा. घरची मेंढरं भाऊ राखतो, हा गाडीला कॅन अडकवून शहरात दूध घालतो. मागचं टायर पार गुळगुळीत झालेलं, नवं टाकायचं होतं.

सांडू खाली बसला आणि नट बघून तसाच बसून राहिला. गंज तर होताच, वर कुणीतरी छिन्नी मारून कोपरे उडवलेले.

"कुणी केलं हे?"

"रस्त्यात एकाकडं दावली व्हती. त्याला सुटला नाय."

सांडूनं नटावर डिझेल सोडलं, चहा पिईपर्यंत मुरू दिलं. मग रिंग पाना लावला. तो घसरला आणि बोटं सायलेन्सरवर आपटली. सांडू ओरडलासुद्धा नाही, नुसती बोटं झटकली. पेटीतून सहा कोनांची गोटी, म्हणजे नटावर टोपीसारखा बसणारा पाना, काढली. ही नटाच्या कोपऱ्यांना न धरता सपाट बाजूंना धरते. तिला लांब दांडा जोडला, पलीकडून आसाचं डोकं दुसऱ्या पान्यानं अडवलं आणि ओढलं. खांद्यात कळ गेली. डोळ्यांपुढं अंधारी आली.

"सरा मिस्त्री, मी वढतो," बिरू म्हणाला.

तेहतीस वर्षांत सांडूनं गिऱ्हाइकाच्या हातात पाना दिला नव्हता. त्यानं दांडा सोडला. मग म्हणाला, "आपल्याकडं वढा. पुढं ढकलू नका, हात फुटंल." आणि स्वतः पलीकडचा पाना धरून बसला. दुसऱ्या ओढीला नट करकरला आणि सुटला. सांडूला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

टायर चढलं. साखळी बेताची ढिली ठेवून चाक सरळ बसवलं. सांडूनं जुना नट फेकून नवा घेतला. बिरूनं उत्साहानं तोच लांब दांडा उचलला. "आता असा आवळतो, की हलायचं नाव घेणार नाय!"

"नाय! ठिवा तो खाली."

आवाज एवढा चढला की बिरू दचकला. सांडूनं आवाज उतरवला. "आठ वर्षं झाली. तात्यासाहेब म्हणून एक मास्तर हायेत. त्यांच्या गाडीचा नट मी घाईत पाइप लावून असाच आवळला. आटे गेले, मला कळलं नाय. जालना रोडवर चाक तिरपं झालं आन् मास्तर पडले. घोटा मोडला."

"भांडले आसतील."

"एक शब्द बोलले नायत. पाय बरा झाल्यावर गाडी परत माझ्याकडंच आणली. अजून लंगडतात."

त्याच वर्षी सांडूनं शहागंजातून टॉर्क पाना आणला होता. नेमला तेवढा जोर लागला की हा पाना 'कट्' वाजतो. सांडूनं त्यावर आकडा लावला आणि डाव्या हातानं, अंगाचा भार देत, हळूहळू ओढलं. कट् वाजलं. तो थांबला.

"बास? एवढंच?" बिरूला पटेना.

"व्हय. एवढंच लागतं."

बिरू गेल्यावर द्वारकाबाई डबा घेऊन आली. नवऱ्याची सुजलेली बोटं बघून म्हणाली, "आवं, बंद करा की आता हे."

"सगळं नाय, थोडं बंद करतो," सांडू म्हणाला.

आता मागचं चाक काढायचं असलं की शेजारचा वेल्डिंगवाला बन्सी येऊन नट सोडून देतो. आवळायचं काम मात्र सांडू कुणाला देत नाही. दिवसाला दोन-तीन गाड्या होतात. मधल्या वेळात तो भिंतीला पाठ लावून डोळे मिटतो. झोप लागत नाही, पण तेवढाच खांदा सैल राहतो.