दिवाकर दारात असताना

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं ठाऊक आहे, कारण त्या अर्ध्यात ती होती. उरलेलं तिलाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा थकलो म्हणून — नुसता थकलो.

दरवर्षी थंडीत आमच्याकडे मोटारसायकलींची फेरी निघते, घुग्घुसहून कुरखेड्यापर्यंत. मन खचलेल्या पुरुषांसाठी, आणि घरचं माणूस गेल्यावर एकटे पडलेल्यांसाठी. लोक जी मदत देतात त्यातून कुरखेड्यात एक खोली चालते. तिथे येऊन बसावं, बोलावं. ऐकायला माणूस असतो. काम चांगलं आहे. सगळ्यात पुढची गाडी माझी असते, आणि प्रत्येक थांब्यावर माईक माझ्याच हातात देतात. तो का देतात — तेच सांगायचं आहे.

दिवाकर आणि मी एकाच कोळसा खाणीत डंपर चालवायचो. शिफ्टही बहुतेक एकच. त्याची बायको मंगला काविळीनं गेली. पोरंबाळं नव्हती. तेरवीपर्यंत घरात माणसं होती, मग जो तो आपल्या कामाला लागला. आणि दिवाकर संध्याकाळी माझ्याकडे येऊ लागला.

तो एकच गोष्ट सांगायचा. त्या दिवशी सकाळी मंगला म्हणाली होती, लई गळून गेल्यासारखं वाटते, आज घरी राहता का? तो म्हणाला होता, शिफ्टवरून येतो, मग पाहू. आला तेव्हा तिची शुद्ध गेली होती. एवढंच. कधी तिच्या साडीचा रंग सांगायचा, कधी चुलीवर तसंच राहिलेलं वरण — पण फिरून यायचा तिथेच.

"राह्यलो असतो त वाचली असती का बे?"

पहिल्यांदा मी त्याचा हात धरला होता. खरंच धरला होता. नंतर नुसतं हूं म्हणू लागलो. त्यानंतर मला काय झालं? थांब्यांवर मी सांगतो की त्याचं दुःख मलाही पेलवेना, माझीही झोप उडाली. ऐकायला बरं वाटतं ते.

एका संध्याकाळी फाटक वाजलं आणि मी उठून स्वयंपाकघरात गेलो. बायकोला खुणेनं सांगितलं. ती दारात गेली. "ते ड्युटीवर गेले, भाऊजी," म्हणाली. माझी गाडी अंगणातच उभी होती. खिडकीच्या फटीतून मला दिसत होतं — दिवाकरनं गाडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बरं, वहिनी," म्हणाला. जाताना फाटक अगदी हळू लावलं, घरात कोणी निजलं असावं तसं.

मला सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू? जेवलोही नीट.

बायको म्हणाली, यापुढे तुमच्यासाठी खोटं बोलणार नाही. तशी वेळच आली नाही. दिवाकर पुन्हा आला नाही. काही दिवसांनी काम सोडून कुरखेड्याकडे भावाच्या घरी निघून गेला. कोणाशी बोलत नाही, शेतात धानाच्या बांधीवर नुसता बसून असतो, असं कानावर यायचं. भेटायला जाता आलं नसतं का? गाडी होती, रस्ता होता. गेलो नाही.

मग काही वर्षांनी खाणीतल्या काही पोरांनी आणि एका डॉक्टरबाईंनी ही फेरी काढायचं ठरवलं. मी नाव दिलं ते गाडी चालवायची हौस म्हणून. पहिल्या बैठकीत बाईंनी विचारलं, तुमच्यापैकी कोणी कधी दुःखातल्या माणसाचं ऐकून घेतलंय? मी उभा राहिलो. माझा एक मित्र रोज यायचा, म्हणालो, आणि मी ऐकायचो. बाईंचे डोळे भरून आले. तिथंच थांबायला हवं होतं. पण पहिल्या फेरीत मूल गावाला थांबलो तेव्हा मी आणखी सांगितलं, गडचिरोलीत त्याहून जास्त. आरमोरीला पोचेस्तोवर माझं दार त्याच्यासाठी कधी बंदच नव्हतं.

आरमोरीत एका म्हाताऱ्यानं माझे दोन्ही हात धरले. "माहा पोरगा गेला, भाऊ," म्हणाला. "घरी कोणी आयकून घेत नाई." आणि तो सांगू लागला. मी मान हलवत त्याच्या खांद्यावरून गाड्यांकडे पाहत होतो. गाड्या निघाल्या बाबा, म्हणून हात सोडवून घेतले.

कुरखेड्यात दिवाकर होता. भावानं आणलं होतं. दाढी पांढरी, सदरा अंगावर लोंबत होता. मी माईकवर त्याचं नाव घेत होतो आणि तो समोर बसला होता — मला बोलणं संपेपर्यंत दिसलाच नाही. कोणीतरी त्याला वर मंचावर आणलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, हे तुमचं ऐकायचे ना?

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "हो," म्हणाला. "आयकत होता थो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर चहाच्या वेळी तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. इकडचं तिकडचं बोलला, धान कसं झालं ते. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "त्या दिवशी घरीच होता न तू?"

रागावला नव्हता. मला कळत होतं, त्याला एवढंच ऐकायचं होतं — हो. बाकी काही मागत नव्हता. इतकी वर्षं मनात धरलेला एक प्रश्न होता, आणि उत्तर द्यायला मी एकटाच होतो.

"नाई," म्हणालो. "ड्युटीवर होतो. गाडी बिघडली होती, बसनं गेलो होतो."

त्यानं कपातला उरलेला चहा संपवला.

"बरं," म्हणाला. कप ठेवला आणि भावाकडे गेला.

तेव्हापासून दर थंडीत मी तो रस्ता कापतो. पुढची गाडी माझीच. माईक आला की बोलतो, लोक रडतात, काहीजण त्या खोलीत जाऊन बसतातही. दिवाकर पुन्हा सभेला आला नाही. मी त्याच्या घरी गेलो नाही.

मी घरीच होतो. खिडकीच्या फटीतून त्याला पाहत होतो. मला त्याचं दुःख पेलवत नव्हतं असं काही नव्हतं — मला त्याचा कंटाळा आला होता.