आधी भूत, मग सही

कुंदाताई नाबर यांची आणि माझी पहिली भेट मंदी यायच्या दोन वर्षं आधीची. दुबईतल्या आमच्या कन्सल्टन्सीत मी नवा इंजिनिअर. ड्रॉइंगवर शिक्का मारून घ्यायला डॉक्युमेंट कंट्रोलच्या खिडकीशी गेलो, तर तिथे दात विचकणारा एक लाल भोपळा ठेवलेला आणि त्याच्यामागे कडक इस्त्रीच्या सुती साडीतल्या मराठी बाई. तारीख एकतीस ऑक्टोबर.

"नवीन का? कुठले?"

"पुण्याचा."

"पुण्याची भुतं आहेत माझ्याकडे. वेळ घेऊन भेटतात."

शिक्का मारून त्यांनी ड्रॉइंग परत दिलं. बाई जरा चक्रम आहेत, असं माझं मत झालं. दुसऱ्या दिवशी त्याच भोपळ्याचे घारगे डब्यातून माझ्या टेबलावर आले, तेव्हा ते मत थोडं सौम्य झालं.

ताईंचं भूतकथांचं वेड सावंतवाडीतल्या लहानपणापासूनचं. आईचा डोळा चुकवून वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांवर ते वाढलं आणि इथे जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून इंग्रजीवरही पोसलं. हॅलोविनची ओळख ऑफिसातल्या इंग्रज मंडळींनी करून दिली. "आपली सर्वपित्री, त्यांचं हॅलोविन. पाहुणे तेच, फक्त पान वेगळं," असं त्या म्हणत. भेटेल त्याच्याकडून त्याच्या गावचं भूत मागून घेत आणि एका जाड वहीत शिस्तीत नोंदवत. केरळची यक्षी, पेशावरची चुडैल, मालवणचा देवचार, कुणाचीही गय नाही. प्रत्येकाला क्रमांक, वास्तव्याचं ठिकाण आणि माहिती बदलली तर रिव्हिजन. 'क्र. ४१, रिव्हिजन १: आता चिंचेवर नाही, विहिरीत' अशी नोंद मी स्वतः वाचली आहे.

मग मंदी आली. ड्रॉइंगवर 'होल्ड'चे शिक्के पडू लागले आणि दर आठवड्याला कुणाच्या तरी हातात पत्र. ज्याला पत्र मिळे त्याला क्लिअरन्स फॉर्म घेऊन खात्याखात्यांतून सह्यांसाठी फिरावं लागे. त्या दिवसांत कुणी त्याच्या डोळ्यांत बघत नसे. स्टोअरवाले मान खाली घालून सही करत, अकाउंट्सवाले फोनवर असल्याचं सोंग करत. शेवटची सही कुंदाताईंची. ती सहजासहजी मिळत नसे.

आमचे ड्राफ्ट्समन इक्बालभाई राजापूरचे. अकरा वर्षांची नोकरी एका पत्रात खलास झाली होती. मी शेजारीच फाइल शोधत उभा होतो.

"ताई, यल्ला, चला लवकर, सही करा. महिन्याभरात गाशा गुंडाळायचाय."

"आधी भूत, मग सही."

"ताई, इथे माझंच भूत झालंय."

"ते नंतर लिहू. गावचं सांगा. बसा, चहा मागवलाय."

मला संताप आला. माणसाचं ताट ओढून घेतलंय आणि या बाईंना भुतं सुचतायत. इक्बालभाई चाळीस मिनिटांनी बाहेर आले. डोळे पुसत होते आणि हसतही होते. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

प्रकाश पडायला माझा नंबर यावा लागला. पगार थकल्यावर बायको आणि मुलीला मी आधीच पुण्याला पाठवलं होतं आणि शारजाच्या दोन खोल्यांत एकटा राहत होतो. फॉर्म पुढे करून म्हणालो, "माझ्याकडे भूत नाही."

"मग सुचेपर्यंत बसा."

बसलो. चहा निवला. मग कोण जाणे कसं, मी सांगून टाकलं, की संध्याकाळी घरी शिरलो की मुलीच्या तीनचाकी सायकलचा आवाज येतो. सायकल तर कधीच विकली. ताईंनी लिहून घेतलं आणि विचारलं, "भीती वाटते?"

"नाही. बरं वाटतं."

त्यांनी तेही लिहिलं, क्रमांक घातला आणि मग सही केली. कित्येक आठवड्यांत मी त्या दिवशी पहिल्यांदा कुणाशी तरी बोललो होतो. एकटेपणाला एवढ्या मानाने खुर्ची देणारं दुसरं माणूस मला अजून भेटलेलं नाही.

तीन वर्षांनी कामं पुन्हा सुरू झाली आणि कंपनीने मला परत बोलावलं. ताई त्याच खिडकीत होत्या आणि बर दुबई भागात देवळाजवळच्या त्याच तिसऱ्या मजल्यावर राहत होत्या. भाडी उतरली तेव्हा सगळ्यांनी मोठी घरं घेतली. ताईंनी मात्र लिफ्ट सदा बंद असलेली ती एक खोली सोडली नाही. आम्ही त्यांच्या चिकटपणाची भरपूर थट्टा केली. त्यांनी ती करू दिली.

आता ताई साठ वर्षांच्या झाल्या. नोकरी संपली, की व्हिसा संपतो. गेल्या आठवड्यात त्यांचा क्लिअरन्स फॉर्म माझ्या टेबलावर आला. मी चहा मागवला आणि म्हणालो, "ताई, आधी भूत. सगळ्यांची घेतलीत, स्वतःचं कधी दिलं नाहीत."

त्या वहीच्या कडेवर बोट फिरवू लागल्या.

"माझ्याकडे आलंच नाही हो कुणी. हे इथेच गेले, लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हा. त्यांना हा एकच पत्ता माहीत. म्हणून खोली बदलली नाही. दर एकतीस ऑक्टोबरला दार उघडं ठेवते, ताटली मांडते. लोकांना दिसतात, मग आपल्यालाच का नाही, म्हणून विचारत बसले सगळ्यांना." मग वही माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "लिहा. क्र. १. पेंडिंग."

पहिलं पान इतकी वर्षं कोरं होतं. मी लिहिलं. हे सगळं या अंकात छापू का, असं विचारलं तर म्हणाल्या, "छापा. नंबर मात्र चुकवू नका." फॉर्मवर त्यांनी सावंतवाडीचा पत्ता सुवाच्य अक्षरात लिहिला होता. त्याच पत्त्याची आणखी एक प्रत त्यांनी माझ्या हातात दिली.

कुंदाताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. गुडघे साथ देवोत, दृष्टी शेवटच्या भूतकथेपर्यंत टिको. भूत व्हायची त्यांना मुळीच घाई नसावी. यंदा एकतीस ऑक्टोबरला सावंतवाडीत बेल वाजली, तर आम्ही असू, घारग्यांसाठी, जिवंतपणी आलेले. आणि ताई, काळजी नसावी. तुम्ही निघालात त्याच संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर जाऊन तुमच्या दारावर तो नवा पत्ता मी चिकटवून आलो आहे.