गुढीचं लुगडं

माझी बायको पौषात गेली आणि बाया म्हणल्या, सोनं झालं. कुंकू घेऊन गेली, नवऱ्याच्या आधी गेली, नशिबाची. तिच्या कपाळाचं कुंकू बोटानं उचलून आपापल्या कपाळाला लावून घेत होत्या. मी भिंतीला टेकून बघत होतो. कसलं सोनं? जीपमध्ये माझ्या मांडीवर डोकं ठेवून, तोंडानं वारा ओढत गेली ती. तवा बोलायला तोंड उघडलं नाही. आता चौथीपर्यंतच्या शिक्षणात बसंल तसं लिहितो.

इंग्रजी नवं साल नुकतंच लागलं होतं, दोन हजार. चौकातल्या टीव्हीवर सगळ्या दुनियेचे फटाके दाखवून राहिले होते. हजार वर्षं पालटली म्हणे. आमचा हिंगोली जिल्हा नवा झालेला, त्याला वर्षसुद्धा भरलं नव्हतं. जिकडंतिकडं कापडी बॅनर अन् त्यावर हात जोडलेले पुढारी. गोरेगावला जीपा लागतात तिथं असल्याच एका बॅनरखाली मी तिला धरून उभा होतो, हिंगोलीच्या दवाखान्यात न्यायला.

ड्रायव्हर म्हणे, "बाबा, गाडी भरल्याबिगर सुटत न्हाई. नंबरचा नियम हाय."

"अरे, बाई मरून राहिली माझी."

"मग पुढं बसवा तिला. हवा लागंल."

मोठा उपकार केल्यासारखं बोलला. गाडी भरली तवा सुटली. हिंगोलीच्या अलीकडं कुठंतरी तिचं ओढणं थांबलं. मागं कोंबलेले लोक नव्या जिल्ह्यात कोणाकोणाच्या पोरांना नोकऱ्या लागतील ते बोलत होते.

घरी आणलं. सवाष्ण गेली की हिरवं नेसवतात. माझ्या चुलतभावाच्या बायकोनं आमची पेटी उघडली आणि त्यातून नवंकोरं हिरवं लुगडं काढलं, लाल काठाचं. मी उठलो आणि तिच्या हातातून ओढून घेतलं.

"ते गुढीचं हाय," म्हणलो.

आमच्या घरची रीत अशी, की पाडव्याला गुढीला जे लुगडं लागतं ते आधी पेटीत येऊन बसतं. गुढी उतरली की दुसऱ्या दिवशी बायको ते नेसायची. वर्षाचं तिचं नवं लुगडं तेवढंच. हे तिनं दिवाळीच्या बाजारात स्वतः निवडलं होतं, दुकानदाराला उन्हात काठ दाखवायला लावून. ते जाळायला द्यायचं माझ्यानं झालं नाही. मग दुसऱ्या घरून लुगडं आणलं. म्हातारा लुगड्यावर जीव ठेवून बसला, असं गावभर झालं. होऊ द्या.

पाडवा आला. मी वेळू धुतला, लिंबाचा डहाळा तोडून आणला, साखरेची गाठी आणली. चुलतभाऊ दारात हजर. भावकीत तो मोठा, म्हणून त्याच्या नाकाला सगळ्या घरांचा वास येतो.

"वरीस व्हायचं हाय. सण धरायचा नसतो, कळत न्हाई का तुला?"

"तुमच्या बायका सोनं झालं म्हणल्या ना? मग सोन्याचा दुखवटा काहून?"

"तोंडाला लागू नको. मोठा हाय मी."

"तर मोठ्यावानी घरी जा."

गेला, पण पारावर जाऊन बसला, माझं दार दिसंल असा.

लुगडं बांधायला घेतलं अन् माझी फजिती झाली. इतकी वर्षं ते काम बायकोचं. मी फक्त वेळू उभा करायचो. माझ्या निऱ्या म्हणजे कडब्याची पेंढी. आत उंबऱ्याच्या अलीकडं माझी धाकटी बहीण उभी होती. तिचा मालक भर तरुणपणी वारला, तेव्हापासून ती आमच्याकडंच. रांडाव बाईनं गुढीला हात लावायचा नाही म्हणून दर पाडव्याला ती आत पुरण वाटत बसायची. मी मात्र रंडका, तरी मला कोणी अडवलं नाही. माझं काही पुसलं नाही, काही फोडलं नाही. उलट तेरवीच्या पंगतीत एक जण म्हणाला, भाकरी थापायला एखादी बघू का!

"ये बाहेर, बांध तू," मी बहिणीला म्हणलो.

ती जागची हलली नाही. आतूनच म्हणाली, "आधी काठ वर घे. वैनी दोन बोटांत धरायची. मुठीत न्हाई, दादा! बैल हाय का तो?"

तिच्या सांगण्यानं कशीबशी गुढी उभी राहिली. वाऱ्यानं लुगडं फुललं. पारावर बसलेला चुलतभाऊ दिसला अन् पुन्हा राग आला.

दिवस बुडायला गुढी उतरवली. लुगडं झटकून बहिणीपुढं धरलं. "उद्या तू नेस. त्या पारावरून चक्कर मारून ये. बघू कोण काय बोलतं."

तिनं हात पुढं केला नाही.

"माझा मालक गेला तवा ह्याच बायका म्हणल्या, हिनं खाल्ला. एकटी वैनी म्हणली न्हाई. माझ्या बांगड्या फोडल्या तवा तिनं आपल्या उतरवून ठेवल्या व्हत्या, महिनाभर. अन् तू तवा काय बोलला व्हता?"

मी पुढं केलेलं लुगडं मागं घेतलं.

"तुझ्या भांडणाचं लुगडं मी नेसणार न्हाई. वैनीचं म्हणून दिलं तर बघंन."

मला तिचाही राग आला. लुगडं पेटीत कोंबलं आणि पुरणपोळी खाल्ली नाही. तिनं ताट झाकून ठेवलं, विनवलं नाही.

पुढं आखिती आली, अक्षय तृतीया. त्या दिवशी आम्ही गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची नवी घागर भरतो, भावकीला जेवू घालतो. सकाळी मी पेटी उघडली, लुगडं काढलं, हातानं सरळ केलं आणि चुलीपाशी बहिणीजवळ ठेवलं.

"तिचं हाय," एवढंच म्हणलो.

बायकोच्या नावाची घागर भरायला ती ते नेसून आडावर गेली. हिरवंगार, लाल काठाचं. घागर डोक्यावर घेऊन सरळ चालत आली, अंगावर पाणी सांडत.

दुपारी चुलतभाऊ पंगतीला बसला. आमरस, कुरडई, सगळं होतं. त्याची नजर लुगड्यावर गेली. घास तसाच धरून त्यानं तोंड उघडलं.

बहिणीनं रसाची वाटी काठोकाठ भरली. "भाऊ, वैनीच्या नावाचं हाय. पोटभर खा. का ताटावरून उठून जाणार?"

उठला नाही तो. आंबा त्या साली लई गोड होता.